पान्हा, मीटिंग आणि अर्धी कास

"आता कामावर जायला लागलीस ना, बघ, पंधरा दिवसात दूध आटतंय." बाळंतपणाची रजा संपायच्या आठवड्यात हे वाक्य मला चार वेगवेगळ्या बायकांनी ऐकवलं. त्यात सासूबाई होत्या, खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, आणि चक्क एका क्लिनिकमधली रिसेप्शनिस्ट पण होती. कारण मात्र प्रत्येकीचं वेगळं. दगदग, लोकलची धक्काबुक्की, ऑफिसचा एसी, आणि अर्थातच नजर. गंमत अशी की पंधरा दिवसांनी माझं दूध खरंच कमी झालं! म्हणजे भाकीत बरोबर आणि कारण साफ चूक. असं काही झालं की मला चैन पडत नाही, म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय.

आधी रजेचा हिशोब. २०१७ साली कायदा बदलला आणि पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली. ऐकायला पूर्ण सहा महिने, पण त्यातले आठ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि बीपी वाढल्यामुळे माझे सहा तिथेच खर्ची पडले. हातात राहिले वीस. आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीसुद्धा नको. म्हणजे मधले सहा आठवडे असे की बाळाला दुसरं काही द्यायचं नाही आणि दूध जिच्याकडे आहे ती बाई सकाळी ७:५२ च्या लोकलला, ती परत घरात संध्याकाळी साडेसातला. (आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची सून तर सव्वा महिन्यात चार घरची धुणीभांडी करायला हजर होती, तिला ना २६ आठवडे ना २६ दिवस, पण तो वेगळा लेख होईल.)

साडेअकरा तासात किती दूध तयार होतं? ऑस्ट्रेलियात पर्थच्या विद्यापीठात पीटर हार्टमन यांच्या ग्रुपने आयुष्यभर हेच मोजलं. हा माणूस आधी गाईंच्या दुधावर काम करायचा आणि मग बायकांकडे वळला, बायकांच्या दुधाबद्दल गाईंपेक्षा कमी माहिती होती म्हणा ना. त्यांचा २००६ चा अभ्यास आहे, ७१ आया, १ ते ६ महिन्यांची बाळं, प्रत्येक वेळी पाजण्याआधी आणि पाजल्यावर वजन करायचं. २४ तासात सरासरी ७८८ ग्रॅम दूध, पण एखादीचं ४७८ आणि एखादीचं १३५६, आणि ही सगळी बाळं अंगावरच्या दुधावर व्यवस्थित वाढत होती. सरासरी धरली तर तासाला ३३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या साडेअकरा तासाचे ३८०. अर्धा लिटरची पाऊण पिशवी.

आता इथेच सगळ्यांचा घोळ होतो. आपल्या डोक्यात दुधाचं चित्र गच्चीवरच्या टाकीसारखं असतं, दिवसभर वापरलं नाही तर संध्याकाळी टाकी भरलेली मिळेल. पहिल्या आठवड्यात मीही तेच धरून चालले होते. ऑफिसात पंपाने दूध काढायचा कंटाळा, जागा पण नाही (कागदोपत्री एक 'वेलनेस रूम' होती, तिला कुलूप आणि आत दिवाळीच्या गिफ्टचे उरलेले खोके), मग म्हटलं जाऊ दे, घरी जाऊन पाजू. दुपारी तीनपर्यंत छाती दाटून दगड, ब्लाउज भिजायचा, ओढणी पुढे ओढून बसायचं. आणि दहाव्या-बाराव्या दिवसापासून दाटणं आपोआप कमी झालं. मला वाटलं वा, शरीराला सवय झाली. ती सवय म्हणजेच आटणं, हे मात्र नंतर कळलं.

हे कसं होतं त्याचा प्रयोग माझा एकदम लाडका आहे, आणि तो आहे शेळ्यांवर. शेळीच्या कासेचे दोन भाग असतात, दोन सड, दोन्हीचं दूध आत एकमेकांत मिसळत नाही. स्कॉटलंडमध्ये एअर गावच्या हॅना रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात काय केलं, तर कासेचा एक भाग नेहमीसारखा दिवसातून दोनदा पिळला आणि दुसरा तीनदा. तीनदा पिळलेल्या भागाचं दूध वाढलं, दुसऱ्याचं होतं तेवढंच राहिलं. आता जरा थांबून विचार करा. शेळी एकच, चारा एकच, दोन्ही भागात फिरणारं रक्त एकच, त्यातली सगळी हॉर्मोन्स तीच. शेळीचा मूड चांगला असेल तर दोन्ही भागांसाठी चांगला. मग एकाच बाजूचं दूध का वाढलं? म्हणजे कमी-जास्तचा निर्णय मेंदूत होत नाहीये, रक्तातही होत नाहीये, तो त्या त्या बाजूला जागेवर होतोय.

मग पुढची शंका, की दुधाच्या दाबामुळे होत असेल, भरून फुगलं की पेशी दबतात आणि काम थांबवतात. त्यावर त्यांनी आणखी भारी आयडिया केली. जादाचं दूध काढलं आणि जेवढं काढलं तेवढंच साखरेचं निरुपद्रवी द्रावण परत आत भरलं. म्हणजे कास तेवढीच फुगलेली, दाब तोच, फक्त आत दूध नाही. तरी दूध बनायचा वेग वाढला! याचा अर्थ दुधातच काहीतरी आहे जे दूध बनवणाऱ्या पेशींना सांगतं की बास आता. ते काढून टाकलं की ब्रेक सुटला. या ब्रेकला त्यांनी नाव दिलं फीडबॅक इनहिबिटर ऑफ लॅक्टेशन, आणि तो एक छोटा प्रोटीन असावा असं मांडलं, पण तो प्रोटीन नेमका कुठला हे काही पक्कं झालं नाही. पुढे २००० नंतर संशय सेरोटोनिनवर गेला. हो, तेच मेंदूवालं सेरोटोनिन, ते दूध बनवणाऱ्या पेशी स्वतःच तयार करतात, दूध साठत गेलं की तेही साठतं, पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतं, मग दूध बनवणारे जीन्स मंदावतात आणि दोन पेशींमधली घट्ट शिवण, टाइट जंक्शन म्हणतात तिला, ती सैल पडायला लागते, एकदा ती सैल पडली की दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, रक्तात आणि रक्तातलं सोडियम दुधात अशी गळती सुरू, आणि तेव्हा खऱ्या अर्थाने आटायला सुरुवात. हे फार झालं का? बरं, एवढं लक्षात ठेवा: भरलेली छाती हळू बनवते, रिकामी भराभर बनवते. आणि काही दिवस सलग भरलेली राहिली की कारखाना ऑर्डर कमी झाली समजून मशिनंच काढून टाकतो.

म्हणून डिंकाचे, अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शतावरीची पावडर, आणि हल्ली ते पाचशे रुपयांचं 'लॅक्टेशन कुकीज' चं पाकीट, यातलं काहीही खा, लाडू तर जरूर खा, बाळंतिणीला भूक लागते आणि अळिवात लोह असतं. पण दुपारी दूध काढलंच नाही तर लाडवाने तो ब्रेक सुटणार नाही. आणि नजरेचं म्हणाल तर नजर एकाच बाजूला लागत असेल तर मला माहीत नाही, शेळीला तरी लागली नव्हती.

ठीक आहे, म्हणजे ऑफिसात पंप करायचा. मी एचआरच्या मागे लागून स्टोअररूमची किल्ली मिळवली, तुटक्या खुर्च्या आणि जुने मॉनिटर यांच्या मध्ये बसून पंप लावला, वीस मिनिटं मशीन घर्रघर्र करत होतं आणि बाटलीत आलं ३० एमएल. छाती गच्च भरलेली आणि दूध येत नाही. इथे दुसरी गोष्ट सुरू होते, आणि यासाठी मराठीत इतका सुंदर शब्द आहे की त्याचा अभिमान वाटावा. पान्हा. दूध असणं वेगळं आणि पान्हा फुटणं वेगळं. गोठ्यात वावरलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, आधी वासरू लावायचं, गाय पान्हवली की मग पिळायला बसायचं, आणि धार काढणारा माणूस नवीन असेल तर गाय पान्हा चोरते.

दूध जिथे बनतं त्या बारीक पिशव्या द्राक्षाच्या घडासारख्या असतात आणि प्रत्येक द्राक्षाभोवती स्नायूसारख्या पेशींची जाळी असते. ही जाळी आवळली तरच दूध नळीत उतरतं, पंप बाहेरून कितीही ओढू दे. जाळीला आवळायला सांगतं ऑक्सिटोसिन नावाचं हॉर्मोन. ते मेंदूत हायपोथॅलॅमसमध्ये बनतं, पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटतं आणि काही मिनिटात संपून पण जातं. बाळ ओढायला लागलं की सुटतं, आणि नुसतं बाळ रडलेलं ऐकलं, त्याचा फोटो बघितला तरी सुटू शकतं. (लोकलमध्ये दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं आणि माझा कुडता भिजला, पान्हा आपलं-परकं बघत नाही.) आणि भीती, दुखणं, टेन्शन असलं की अडतं.

१९४१ मध्ये अमेरिकेत ईली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फटाफट फोडून तिला घाबरवलं आणि पान्हा अडतो हे दाखवलं. नंतर मांजराची गरज नाही असं त्यांच्या लक्षात आलं, पिशव्याच पुरल्या! पण खरा कळस १९४८ मध्ये. नाइल्स न्यूटन नावाची शास्त्रज्ञ, स्वतः सात महिन्यांच्या बाळाची आई, तिने नवऱ्याबरोबर स्वतःवरच प्रयोग केला. काही दिवस शांतपणे पाजायचं, काही दिवस पाजताना त्रास द्यायचा, म्हणजे पाय बर्फाच्या पाण्यात, पायाची बोटं ओढायची, आणि धडाधड गणितं विचारायची. शांत दिवशी बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं, त्रासाच्या दिवशी ९९. त्रास तोच ठेवून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तर परत १५३. म्हणजे दूध आत होतंच, पान्हा अडला होता. प्रयोग एकाच बाईवरचा आहे हे खरं, पण पंपाला बसल्यावर मांडीवर लॅपटॉप, त्यात एक्सेल आणि कानात क्वार्टरली रिव्ह्यूचा कॉल, म्हणजे मी गणितंच सोडवत होते की!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप डेस्कवर ठेवला, मोबाईल म्यूट, लेकीचं रात्रीचं झबलं पिशवीत नेलं होतं ते नाकाशी धरलं, आणि तिचा झोपेत हसतानाचा व्हिडिओ लावला. दोन-तीन मिनिटात पान्हा फुटतानाची ती झिणझिण आली आणि बाटलीत धार. ९० एमएल. कॅलेंडरवर सकाळी ११, दुपारी २ आणि ४:३० ला 'व्हेंडर कॉल' असं टाकून ठेवलं, कारण खरं लिहिलं तर त्या वेळेत मीटिंग टाकणारे लोक असतात. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन ब्रेक हा बाईचा हक्क आहे, तोही २०१७ चा नाही, मूळ १९६१ च्या कायद्यातला, पण आमच्या ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. दूध पूर्ववत यायला दहा-बारा दिवस लागले. रात्री मुलगी जास्त प्यायला लागली, दिवसभराची वसुली केल्यासारखी, आणि त्याचाही फायदाच होतो कारण प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हॉर्मोन, रात्री जास्त असतं. झोपेचं मात्र बोलायला नको. (हे सगळं करताना गाठ झाली, लाली आली, ताप-थंडी भरली तर घरगुती शेक-बिक करत बसू नका, डॉक्टरकडे जा.)

घरी मात्र वेगळीच लढाई. "दिवसभराचं शिळं दूध आहे, आधी थोडं पिळून टाक, मग तिला घे." आपल्याकडे सरसकट चालतं हे. छातीतलं दूध शिळं होत नाही, उन्हातून आलं म्हणून तापत नाही, ते काही पातेल्यात झाकून ठेवलेलं नाहीये, जिवंत पेशी ते सतत बनवतायत. शिळं होतं ते बाटलीतलं. २५ डिग्रीपर्यंत बाहेर चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, आणि बर्फाच्या पॅकच्या पिशवीत एक दिवस, असा साधारण हिशोब आहे, आणि मुंबईचा मे महिना २५ डिग्री नसतो हे सांगायला नको. फ्रीजमध्ये ठेवलं की वर सायीसारखा थर येतो, खाली निळसर पाणी. पहिल्यांदा ते बघून सासूबाईंनी "नासलं गं" म्हणून सगळं सिंकमध्ये ओतलं, १८० एमएल, मी अक्षरशः रडले. ते नासलेलं नसतं, फक्त फॅट वर येतं, बाटली कोमट पाण्याच्या वाटीत धरून हलकेच फिरवली की एक होतं.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो ना, त्यावरून परवा मनात आलं. हिरकणीच्या गोष्टीत आपण घरी रडणारं तान्हं सांगतो, बुरुजाचा कडा सांगतो, पण संध्याकाळपर्यंत गडावर अडकलेल्या त्या बाईची छाती किती दाटली असेल हे कुणी सांगत नाही. मला तर वाटतं निम्मी ती त्यामुळेच उतरली असेल.

आता लेक सात महिन्यांची आहे, नाचणीची खीर आणि वरण-भात सुरू झालाय, त्यामुळे ४:३० चा पंप मी बंद केला, एकदम नाही, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं कमी करत. तिची आजी रोज मी आणलेल्या बाटल्या उजेडात धरून आकडा वाचते आणि कालनिर्णयवर लिहून ठेवते. काल दोन्ही मिळून ११० च भरलं होतं. आईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "आज मीटिंग होती का गं?"