ड्रॉ व फेड : गोल्फमधील ठरवून वळविलेले फटके

गोल्फचा चेंडू हवेत असताना ठरवून डावीकडे किंवा उजवीकडे वळावा अशा रीतीने मारलेले फटके. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडून डावीकडे वळला तर तो ड्रॉ आणि डावीकडून उजवीकडे वळला तर फेड. हेच वळण आवाक्याबाहेर गेले की अनुक्रमे हुक आणि स्लाइस म्हणतात. डावखुऱ्यांच्या बाबतीत नावे तीच राहतात, दिशा उलटतात. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना क्रिकेटमध्ये डाव्या हाताने फलंदाजी करते; तशी उभी राहणारी गोल्फपटू ड्रॉ मारते तेव्हा चेंडू डावीकडून उजवीकडे जातो. मराठीत या फटक्यांना रूढ प्रतिशब्द नाहीत, म्हणून मूळ नावेच येथे ठेवली आहेत. ‘फिरकी’ हा शब्द मात्र चेंडूचे स्वतःभोवती फिरणे एवढ्याच अर्थाने घ्यावा.

कारणमीमांसेचा इतिहास : फिरता चेंडू वळतो ही नोंद गोल्फच्या आधी टेनिसच्या संदर्भात सापडते. प्रकाश व रंग यांविषयी रॉयल सोसायटीला पाठविलेल्या पत्रात आयझॅक न्यूटनने तिरप्या रॅकेटने मारलेला चेंडू वक्र मार्गाने जाताना पाहिल्याचे लिहिले आहे. या पत्राचे वर्ष कोठे १६७१, तर कोठे १६७२ असे दिले जाते. त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि पत्र फेब्रुवारीतले आहे. त्यामुळे आजच्या गणनेने १६७२ हेच वर्ष धरणे योग्य. न्यूटनला प्रकाशाविषयी बोलायचे होते, चेंडू केवळ दाखल्यापुरता आला आहे.

प्रयोगाने हा प्रश्न प्रथम हाताळला तो बेंजामिन रॉबिन्सने. तोफा-बंदुकांच्या शास्त्रावरील त्याचा ग्रंथ १७४२ सालचा. बंदुकीची नळी टोकाशी डावीकडे वाकवून त्याने गोळी झाडली. गोळी सुटताना डावीकडे गेली, पण नळीच्या उजव्या भिंतीला घासल्याने मिळालेल्या फिरकीमुळे पुढे उजवीकडे वळली. फेडचा मार्ग नेमका असाच असतो. लेओनार्ड ऑयलरने रॉबिन्सच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले, परंतु फिरकीचे कारण त्याला पटले नाही; गोळीच्या आकारातील दोषाने ती वळत असावी, असे त्याचे मत होते. पुढे हाइनरिख गुस्टाव्ह माग्नुसने १८५२ च्या सुमारास फिरत्या दंडगोलावर प्रयोग केले आणि या परिणामाला त्याचे नाव चिकटले. काही अभ्यासक ‘रॉबिन्स परिणाम’ किंवा ‘रॉबिन्स–माग्नुस परिणाम’ असे म्हणतात. पुराव्याचा क्रम पाहता त्यांचे म्हणणे अधिक न्याय्य वाटते, मात्र पाठ्यपुस्तकांत माग्नुस हेच नाव स्थिरावले आहे.

गोल्फच्या चेंडूचा स्वतंत्र अभ्यास एडिंबरोचे भौतिकीविद पीटर गथ्री टेट यांनी केला. चेंडूला लांब फीत बांधून, फटक्यानंतर तिला पडलेले पीळ मोजून त्यांनी फिरकीचा वेग काढला. उलट्या फिरकीमुळे चेंडू हवेत जास्त वेळ तरंगतो आणि फिरकीचा अक्ष तिरपा झाला की चेंडू बाजूला वळतो, ही दोन्ही सूत्रे त्यांच्या लेखनात आहेत. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ व १८९८ चा ब्रिटिश हौशी विजेता. वडिलांनी गणिताने काढलेली कमाल मर्यादा मुलाने एका फटक्यात ओलांडली आणि मग वडिलांना फिरकीचे महत्त्व कळले, अशी आख्यायिका सांगतात. हा फटका १८९३ चा मानला जातो, परंतु टेट फिरकीविषयी १८८७ पासूनच लिहीत होते. कालक्रम असा असल्याने ही गोष्ट जशीच्या तशी स्वीकारता येत नाही.

चेंडूच्या पृष्ठभागाचाही वळणाशी संबंध आहे. गटापर्चाचे (झाडाच्या चिकापासून केलेल्या कडक पदार्थाचे) चेंडू १८४८ च्या सुमारास आले. नव्या गुळगुळीत चेंडूपेक्षा वापरून खरवडलेला चेंडू नीट उडतो हे खेळाडूंच्या ध्यानात आले आणि त्यातून पुढे खळग्यांचे चेंडू निघाले. खळग्यांमुळे चेंडूलगतचा हवेचा थर उशिरा सुटतो, विरोध घटतो आणि फिरकीचा परिणाम भरवशाचा होतो. अगदी गुळगुळीत गोल काही वेगांना उलट दिशेनेही वळतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत खळगे असमान ठेवून आपोआप सरळ जाणारा चेंडू निघाला होता. त्यानंतर १९८१ मध्ये चेंडू सर्व बाजूंनी सममित असावा असा नियम आला. आजच्या नियमानुसार चेंडूचा व्यास ४२.६७ मिमी.पेक्षा कमी आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये.

फेस आणि पाथ : फेस म्हणजे क्लबची, म्हणजे चेंडू मारायच्या दांड्याची, चेंडूला लागणारी बाजू; पाथ म्हणजे स्विंगमध्ये, क्लब फिरवताना, त्याने घेतलेली वाट. चेंडू कोणत्या दिशेने सुटतो आणि कोणीकडे वळतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत शिकवणीत फार काळ चालली. विसाव्या शतकात सर्रास सांगितले जाई की, चेंडू क्लबच्या वाटेने, म्हणजे स्विंगच्या पाथने सुटतो आणि मग फेस जिकडे आहे तिकडे वळतो. त्यावरून शिष्याला सल्ला मिळे : फेस लक्ष्याकडे ठेवा, पाय व खांदे जिकडून चेंडू सुरू करायचा तिकडे वळवा आणि त्या रेषेत स्विंग करा. जॅक निक्लॉससारख्या थोर खेळाडूनेही अशाच आशयाचे मार्गदर्शन केले आहे. प्रत्यक्षात चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेने सुटतो. फेसचा वाटा ड्रायव्हरमध्ये (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) साधारण ८५ टक्के आणि आयर्नमध्ये (मधल्या अंतरांचे धातूचे क्लब) ७५ टक्क्यांच्या आसपास मानतात. वळण ठरते ते फेस आणि पाथ यांच्यातील फरकावरून. ब्रिटनमधील एका अभ्यासगटाच्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत ही गोष्ट होती आणि थिओडोर यॉर्गेन्सन यांनी १९९४ मध्ये तिची भूमितीही मांडली. तरी शिकवणी बदलली ती २००३ नंतर, डेन्मार्कच्या ट्रॅकमॅनसारखी रडार यंत्रे सरावाच्या मैदानावर आल्यावरच. जुना नियम मानणारे खेळाडू तरीही उत्तम फटके मारत होते, ते हाताला लागलेल्या सवयीमुळे. सांगत एक होते आणि करत दुसरे होते, असेच म्हणावे लागते.

उदाहरण घेऊ. उजव्या हाताच्या खेळाडूचा पाथ लक्ष्याच्या ४ अंश उजवीकडे आणि फेस २ अंश उजवीकडे आहे. चेंडू दोन-अडीच अंश उजवीकडून सुटेल आणि फेस पाथच्या तुलनेत बंद (म्हणजे डावीकडे वळलेला) असल्याने डावीकडे वळून लक्ष्याजवळ येईल. हा ड्रॉ. दोन्ही आकडे डाव्या बाजूला घेतले की फेड मिळतो. फेस थेट लक्ष्याकडे ठेवला तर चेंडू जवळजवळ लक्ष्याकडेच सुटतो आणि वळून पलीकडे जातो. जुन्या सल्ल्याने झाडाला वळसा घालू पाहणाऱ्याचा चेंडू झाडावरच आदळे, तो यामुळे.

‘बाजूची फिरकी’ आणि ‘उलटी फिरकी’ अशा दोन वेगळ्या फिरक्या चेंडूला नसतात. अक्ष एकच असतो आणि तो तिरपा होतो. भोवरा एका अंगाला कलून फिरतो, तेव्हा आपण त्याला दोन फिरक्या आहेत असे म्हणत नाही, तसेच हे. अक्ष किती कलेल हे फेस-पाथमधील फरक आणि क्लबचा उतार (फेस मागे किती कलला आहे तो कोन) यांच्या प्रमाणावर अवलंबून असते. म्हणून त्याच २ अंशांच्या फरकाने ड्रायव्हरचा चेंडू सात नंबरच्या आयर्नपेक्षा सुमारे दुप्पट कलतो आणि वेजने (फार उताराचा, जवळच्या फटक्याचा क्लब) वळण काढणे अवघड जाते. तरीही २०१२ च्या मास्टर्स स्पर्धेत निर्णायक होलवर डावखुऱ्या बबा वॉटसनने वेजने झाडांतून चेंडू प्रचंड वळवून ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) आणला.

शिकण्याची रीत : सहा किंवा सात नंबरचे आयर्न आणि अर्धा स्विंग यांनी सुरुवात करावी. ड्रायव्हर शेवटी घ्यावा, कारण त्याच्या फुगीर फेसवर चेंडू टोकाकडे (खेळाडूपासून दूरच्या कडेला) लागला तर डावीकडे आणि टाचेकडे (दांड्याजवळच्या कडेला) लागला तर उजवीकडे फिरकी मिळते. शिकणाऱ्याला वाटते आपण ड्रॉ मारला, पण खरे तर चेंडू फेसच्या मध्यभागी लागलेला नसतो, एवढेच.

लक्ष्याच्या रेषेत तीनएक मीटरवर काठी रोवावी. ड्रॉसाठी चेंडू काठीच्या उजवीकडून जायला हवा. तो डावीकडून सुटला तर चूक फेसची. पाथकडे पाहूच नये. उजवीकडून सुटून तसाच सरळ गेला तर फेस आणि पाथ एकाच दिशेने आहेत, पाथ आणखी उजवीकडे न्यावा. उजवीकडून सुटून आणखी उजवीकडे वळला तर फेस पाथला उघडा (म्हणजे त्याच्या उजवीकडे वळलेला) आहे. स्लाइसने त्रासलेले बहुतेक जण अंग डावीकडे वळवत जातात. त्याने पाथ आणखी डावीकडे जातो आणि स्लाइस वाढतो. क्लब खाली येताना चेंडूला लागला तर पाथ थोडा उजवीकडे झुकतो, हेही आयर्नच्या बाबतीत लक्षात ठेवावे. एकेक फटका पक्का करून दुसऱ्याकडे वळण्यापेक्षा एक ड्रॉ, एक फेड असे आलटून-पालटून मारणे अधिक उपयोगी, कारण हाताला फरकच शिकायचा असतो.

विजय हजारे यांच्या सांगलीत किंवा साताऱ्यात गोल्फकडे वळणारा बहुधा क्रिकेट खेळलेला असतो. थर्ड मॅनकडे चेंडू वळवताना बॅटचा फेस उघडायचा हे त्याला शिकवावे लागत नाही. फेस जिकडे तिकडे चेंडू, ही त्याची जाण गोल्फच्या जुन्या नियमापेक्षा अचूक आहे. स्विंग गोलंदाजीचा दाखला मात्र येथे लागू पडत नाही. तो परिणाम शिवणीचा आणि दोन बाजूंच्या वेगळ्या चकाकीचा असतो, गोल्फच्या चेंडूला शिवण नाही.

फेड मऊ उतरतो आणि ड्रॉ पुढे धावतो, असे म्हणतात. त्याचे कारण दिशेत नाही. फेस उघडला की क्लबचा उतार वाढतो, बंद केला की घटतो. बेन होगन आणि ली ट्रेव्हिनो फेडसाठी, तर बॉबी लॉक मोठ्या ड्रॉसाठी ओळखले जातात.

उंची, उतार व वारा : वळवणारे बल हवेच्या घनतेच्या प्रमाणात असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवरील सांगलीत हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ५ टक्के, तर सुमारे १,३५० मी. उंचीच्या महाबळेश्वरला १२ टक्के विरळ असते. मुंबईत १५ मी. वळणारा फटका महाबळेश्वरच्या उंचीवर १३ मी.च्या आसपास वळेल, म्हणून लक्ष्य धरताना ही सूट द्यावी. पावसाळी दमट हवा ‘जड’ असते ही समजूत चुकीची आहे. बाष्प कोरड्या हवेपेक्षा हलके असते, मात्र फरक नगण्य. पावसाचा खरा परिणाम गवतावर होतो. फेस आणि चेंडू यांच्यामध्ये ओले गवत आले की फिरकी घटते, आणि ठरवलेले वळण कमी होते.

सह्याद्रीच्या उतारावर जमीनच फटका वळवते. चेंडू पायांपेक्षा उंचावर असेल तर फेस डावीकडे कलतो व ड्रॉ निघतो. खाली असेल तर फेड. शिकणाऱ्याने उताराशी झगडू नये, उतार देतो तो फटका घ्यावा. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी किंवा वनकुसवडेच्या पवनचक्क्या फिरवणारा वारा फिरकी निर्माण करत नाही, पण चेंडूला बाजूला ढकलून असलेले वळण वाढवतो किंवा घटवतो. उजवीकडून डावीकडे वाहणाऱ्या वाऱ्यात ड्रॉ फार दूर जातो आणि फेड जवळजवळ सरळ राहतो. त्यामुळे अशा वाऱ्यात नेमका फटका हवा असल्यास फेड निवडतात. जांभ्याच्या टणक जमिनीवर ड्रॉ बराच घरंगळतो. सरावासाठी मात्र अशी पठारे निवडू नयेत. कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तेथील वनस्पती बोटभर मातीच्या थरावर उगवतात. आयर्नच्या एका घावाने निघालेला तो थर पुन्हा साचायला अनेक वर्षे लागतात.