रिव्हर्स लाइट लागत नाही: स्विच गेला की अर्थिंग?

रावेर-सावद्याकडे केळीची कापणी चालू असली की पिकअप बागेच्या तोंडापर्यंत मागे घ्यावी लागते, तीही बऱ्याचदा अंधारात. मागे घड वाहणारी माणसं उभी असतात. रिव्हर्सचा पांढरा दिवा नसला तर ड्रायव्हरला आरशात काही दिसत नाही, आणि गाडी आपल्याकडे येतेय हे मागच्यालाही कळत नाही. म्हणून हा दिवा बंद पडला की 'बघू पुढच्या खेपेला' म्हणू नये.

बल्बची तार आणि फ्यूज आधी पाहून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ते ठीक निघाले की खरी गल्लत सुरू होते.

स्विच असतो गिअरबॉक्सवर. रिव्हर्स टाकला की त्याचं टोक दाबलं जातं आणि फ्यूजकडून आलेली वीज मागे दिव्याकडे जाते. अर्थिंग ही तिची परतीची वाट: दिव्यातून बॉडी, बॉडीतून बॅटरीचं निगेटिव्ह. जाण्याची वाट तुटो की येण्याची, दिवा बंदच. त्यामुळे मेकॅनिक सरळ स्विच बदलून मोकळा होतो. आमच्या पिकअपचं तसंच झालं. नवा स्विच बसला, पैसे गेले, दिवा मात्र तसाच. दोष निघाला मागच्या दिव्याजवळच्या अर्थच्या बोल्टखाली, गंजात. घडांचं पाणी आणि चीक तिथेच झिरपत होता.

अर्थिंग बिघडलं की शेजारचे दिवेही विचित्र वागतात. ब्रेक दाबला की टेललाइट मंद होते, इंडिकेटर लावला की रिव्हर्सचा बल्ब मिणमिणतो. वीज परतीला दुसरी वाट शोधत असते ना! स्विच गेला तर असं काही होत नाही. बाकीचे दिवे ठणठणीत, फक्त रिव्हर्सचे दोन्ही एकदम बंद. एकच बंद असेल तर स्विचला हातही लावू नका, कारण तो दोघांना मिळून एकच असतो. गाडीला रिव्हर्सचा बझर असेल तर तोही बऱ्याचदा त्याच वायरवर असतो. तो वाजतोय आणि दिवे नाहीत, म्हणजे स्विच काम करतोय.

खात्री टेस्ट लॅम्पने करा, म्हणजे एका वायरीला क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेल्या छोट्या तपासणीच्या दिव्याने. चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि रिव्हर्स टाका. टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावून होल्डरच्या पॉझिटिव्हला टोक टेकवा (वायर पुरत नसेल तर जोडून घ्या). लॅम्प पेटला आणि बल्ब नाही, तर अर्थ किंवा होल्डर. पेटलाच नाही, तर गिअरबॉक्सवरच्या स्विचचा कपलर (वायरींचा प्लग) काढून त्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडा. दिवे लागले तर स्विच गेलाय. नाही लागले तर त्या दोनपैकी एका वायरवर १२ व्होल्ट येतात का पाहा. येत असतील तर पुढची वायर कुठेतरी तुटली आहे. मात्र ज्या गाडीत स्विचची वायर कंट्रोल युनिटला (गाडीच्या कॉम्प्युटरला) जाते तिथे वायरी जोडू नका, वायरमनला दाखवा.

अर्थ निघाला तर बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चमकेपर्यंत साफ करा, घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. सैल बोल्टवर ते निभत नाही.