नेमबाजीसाठी पहिली एअर रायफल घेताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दुकानात पाऊल टाकल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती एफपीएसची आहे?" म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो. कागदावर नेम मारायला रायफल घेत असाल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. १० मीटरच्या स्पर्धेत वापरतात त्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर, म्हणजे पावणेसहाशे फुटांच्या आतबाहेरच सुटतो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोला जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच प्रकारात. खोक्यावर '१००० एफपीएस' छापलं म्हणून रायफल दांडगी असेल, पण अचूक असेलच असं नाही.

त्या आकड्यात आणखी एक गोम आहे. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० जूलपर्यंतची ऊर्जा असलेली एअर रायफल आपल्याकडे विनापरवाना घेता येते. त्यापुढे परवाना लागतो. आता ०.५३ ग्रॅमचा नेहमीचा मॅच (स्पर्धेचा) छर्रा खरोखर १००० एफपीएसने सुटला तर ऊर्जा २४ जूलच्या पुढे जाते. म्हणजे एकतर तो आकडा हलका छर्रा घालून मोजलेला, नाहीतर रायफल परवान्याची. असा आकडा दाखवून कोणी 'लायसन्स नको' म्हणत असेल तर त्याला जूल किती ते विचारा.

सिनेमातली लिव्हर

काउबॉय ट्रिगरखालचं कडं खालीवर करून गोळी भरतो, तशी रायफल मागणारेही येतात. ती विंचेस्टर १८७३ किंवा १८९४ च्या घराण्यातली, खऱ्या काडतुसांची बंदूक. परवान्याशिवाय ती घेता येत नाही आणि आमच्याकडे मिळतही नाही. तशाच रूपाच्या एअरगन असतात, पण त्यातल्या बऱ्याच गुळगुळीत नळीच्या आणि स्टीलचे गोल बीबी मारणाऱ्या. नेम बेताचा, आणि बीबी कठीण जागी आपटला की उलटा तुमच्याकडेच येतो. लिव्हरची हौस असेल तर नळीखाली दांडा असलेली अंडरलिव्हर बघा.

नळी मोडायची की लिव्हर ओढायची?

स्प्रिंगच्या साध्या रायफलीत नळीच मधून मोडून स्प्रिंग दाबतात. स्वस्त, हलकी, दुरुस्तीला सोपी. दर वेळी नळी सांध्यातून हलते, हा तिचा कच्चा दुवा. सांधा चांगला बसलेला असेल तर १० मीटरवर फरक कळणारही नाही. ढिला असेल तर मात्र छर्रे कागदभर फिरतात. दुकानात नळी बंद करून टोक आडवं हलवून बघा. किंचितही खडखड जाणवली तर ती रायफल बाजूला ठेवा, मग ती कोणत्याही कंपनीची असो.

अंडरलिव्हरमध्ये नळी जागची हलत नाही, स्प्रिंग दाबायला नळीखाली वेगळा दांडा असतो. वजन जास्त, किंमतही जास्त, पण नेम टिकून राहतो. डावखुऱ्यांनाही ती सोयीची. एकच गोष्ट कायम पाळा: छर्रा घालताना एका हाताने लिव्हर घट्ट धरून ठेवायची. खटका सुटला तर लिव्हर जोरात परत येते आणि आत गेलेलं बोट चिरडतं. सुरक्षा खटका आहे म्हणून हात सोडू नका.

भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या पीसीपी रायफली या दोन्हींपेक्षा अचूक आणि धक्का जवळपास नसलेल्या. पण हवा भरायला पंप किंवा मोठं सिलिंडर लागतं आणि आयात केलेल्या स्पर्धेच्या रायफलीचा हिशेब लाखांत जातो. रविवारच्या हौसेसाठी आम्ही ती सुचवत नाही.

रायफल घेण्याआधी ती दहा वेळा लोड करून पाहा. दहाव्या वेळी दम लागला तर ती तुमच्यासाठी नाही. एका बैठकीत साठेक छर्रे सहज उडतात, आणि थकलेल्या हाताला नेम लागत नाही. मुलासाठी घेत असाल तर मुलालाच आणा. दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवल्यावर बोटाचं पेर ट्रिगरपर्यंत पोचायला हवं.

छर्रे, दुर्बीण आणि पकड

रायफलीवर खर्च करून छर्ऱ्यात काटकसर करणारे पुष्कळ भेटतात. कागदासाठी चपट्या तोंडाचेच छर्रे घ्या. ते कागदाला पंचसारखं गोल भोक पाडतात, टोकदार छर्रा कागद फाडतो आणि गुण मोजताना वाद होतात. स्पर्धेच्या कागदावरचा दहाचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटरचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा, तेव्हा भोकाची कड स्वच्छ हवीच. एकच रायफल एका डब्याला साथ देते, दुसऱ्याला देत नाही. सुरुवातीला दोन-तीन प्रकारचे छोटे डबे न्या.

दुर्बीण घाईने घेऊ नका. स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी झटका देते, साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते. शिवाय लांब पल्ल्यासाठी बसवलेल्या दुर्बिणीतून १० मीटरवरचा कागद धूसर दिसतो. घ्यायचीच तर एअर रायफलीसाठीची, १० मीटरपर्यंत फोकस होणारी घ्या. आमच्या मते पहिलं वर्ष माशीवरच, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या साध्या खुणेवरच काढावं. हिरव्या-लाल चमकत्या ठिपक्यांच्या माशा दिसायला छान, पण कागदावर त्या जाड पडतात आणि काळं वर्तुळच झाकतात.

स्प्रिंगची रायफल घट्ट आवळून धरू नका. पुढचा भाग उघड्या तळव्यावर नुसता टेकवा आणि झटका जसा येतो तसा येऊ द्या. विटेवर किंवा कठड्यावर टेकवून मारली की छर्रे भलतीकडे जातात. छर्रा न घालता ट्रिगर कधीच ओढायचा नाही. पुढे अडवणारं काही नसल्यामुळे स्प्रिंगने ढकललेला पिस्टन (हवा दाबणारा दट्ट्या) थेट आपटतो आणि त्याचं सील जातं. दुरुस्तीला येणाऱ्या रायफलींत हेच कारण आम्हाला वारंवार दिसतं. सिलिंडरमध्ये तेल ओतण्याचा उपायही नको, दाबाने ते पेटतं आणि आवाज येतो तो सीलचा शेवट असतो.

मारायचं कुठे?

गच्चीवर मारणार असाल तर कठड्यापलीकडे काय आहे ते आधी बघा. चुकलेला छर्रा दोन-तीनशे मीटर सहज जातो. कागदामागे लाकडी पेटी ठेवा, आत तिरका लोखंडी पत्रा किंवा ओल्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. घरातल्या सगळ्यांना डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा, आणि पेटीच्या बाजूचं दार आतून बंद. कोकणातून माकडांसाठी आणि बागायतदारांकडून पक्ष्यांसाठी विचारणा होते. त्यासाठी आम्ही एअर रायफल विकत नाही. प्राण्यापक्ष्यांवर नेम धरणं गुन्ह्यात येऊ शकतं आणि आम्हाला ते पटतही नाही.

खरेदीला येताना फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा सोबत आणा, त्याची नोंद दुकानात राहते. मुलांसाठीची रायफल पालकांच्याच नावावर. शक्यतो दुपारी या. संध्याकाळच्या गर्दीत मागच्या खोलीतल्या कागदावर चार छर्रे मारून बघायला कोणालाच सवड मिळत नाही.