अपूर्णांकाचा घात

घातांक जितका असेल तितक्या वेळा तोच अपूर्णांक मांडून केलेला गुणाकार म्हणजे त्या अपूर्णांकाचा घात. (३/४)^२ म्हणजे ३/४ × ३/४, उत्तर ९/१६. गुणताना अंशाला अंश आणि छेदाला छेद गुणला जातो, म्हणून घातांक दोघांनाही लागतो: (अ/ब)^न = अ^न/ब^न. इथे ब शून्य नसावा. कंस सुटला तर अर्थ बदलतो. ३^२/४ म्हणजे ९/४, मूळ उत्तराच्या चौपट.

१ पेक्षा लहान धन अपूर्णांकाचा घात घातांक वाढेल तसा लहान होत जातो. पूर्णांकांच्या सवयीमुळे हे मुलांना लवकर पटत नाही. कोल्हापुरात जागेची बोलणी गुंठ्यात होतात, तिथे हे नीट दिसते. ३३ फूट बाजूचा चौरस म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. बाजू निम्मी, साडेसोळा फूट, केली की उरतात २७२.२५ चौरस फूट. हा अर्धा गुंठा नव्हे, पाव गुंठा आहे; कारण (१/२)^२ = १/४.

घातांक ऋण असेल तर अपूर्णांक उलटा करून घात काढतात: (२/३)^-२ = (३/२)^२ = ९/४. शून्येतर अपूर्णांकाचा शून्यावा घात १ असतो.

खरी गफलत होते ती पूर्णांकयुक्त अपूर्णांकात. साडेतीनचा वर्ग ‘तीनाचा नऊ, अर्ध्याचा पाव’ असे म्हणून सव्वानऊ सांगितला जातो. तीन आणि अर्धा यांचा एकमेकांशी होणारा गुणाकार त्यात राहून जातो. तो दोनदा येतो, म्हणजे आणखी तीन. खरे उत्तर सव्वाबारा. आधी ७/२ करून घेतले की चूक होतच नाही: ४९/४. साडेतीन ही संख्या मराठी माणसाच्या ओळखीची. साडेतीन शक्तिपीठांत कोल्हापूरची अंबाबाई आहे आणि जुन्या शाळांत साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, पाठ करून घेत.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ. स. ११५०) भिन्नांच्या, म्हणजे अपूर्णांकांच्या, वर्ग-घनाचा नियम सांगून उदाहरणाला हीच संख्या घेतली आहे. तिचा घन ३४३/८ येतो. पुढे त्याच उदाहरणात उलट वाटेने मुळेही विचारली आहेत. तिथेही अंशाचे मूळ वेगळे आणि छेदाचे वेगळे काढायचे: ४९/४ चे वर्गमूळ ७/२, ३४३/८ चे घनमूळही ७/२.