परळ १९६५: पहिले मूत्रपिंड मृत दात्याचे

भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली परळच्या केईएम रुग्णालयात झाला. ते मूत्रपिंड मृत व्यक्तीचे होते. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढची कित्येक वर्षे आपल्याकडचे प्रत्यारोपण चालले ते जिवंत दात्यांच्याच आधारावर.

त्या काळी मृत दात्याचे मूत्रपिंड लावणे किती अवघड होते! मेंदूमृत्यूचे, म्हणजे हृदय चालू असतानाही मेंदूचे काम कायमचे थांबण्याचे, निकष हार्वर्डच्या समितीने मांडले ते १९६८ मध्ये. त्याआधी हृदय थांबायची वाट पाहावी लागे, आणि रक्तपुरवठा तुटला की मूत्रपिंडाची हानी मिनिटागणिक वाढत जाते. शिवाय परका अवयव शरीर नाकारते, हा मूळ अडसर होताच. बोस्टनमध्ये १९५४ साली शल्यचिकित्सक जोसेफ मरे यांना यश आले, कारण दाता आणि रुग्ण एकसारखे जुळे भाऊ होते. इतरांसाठी शरीराचा हा नकार दडपणारी अझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही औषधे एवढाच आधार, तोही साठच्या दशकात नुकताच हाती आलेला. मुंबईतले ते पहिले प्रयत्न टिकले नाहीत, यात शल्यचिकित्सकांच्या हाताचा दोष शोधू नये. याच केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदय प्रत्यारोपणही करून पाहिले.

यश मिळाले १९७१ मध्ये, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. दाता जिवंत होता. आई, वडील, भावंडे यांच्याशी ऊतींची जुळणी चांगली होते आणि शस्त्रक्रियेची वेळही आधी ठरवता येते, त्यामुळे पुढे हीच वाट रुळली.

ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे शरीराचा नकार अधिक चांगला दडपणारे औषध आले. नात्याबाहेरच्या दात्याचे मूत्रपिंडही आता टिकू लागले आणि त्याच दारातून पैसा आत शिरला. मुंबई, चेन्नई, बंगळूर इथे गरिबांची मूत्रपिंडे विकत घेतली जाऊ लागली, परदेशी रुग्णही त्यासाठी येऊ लागले. औषधाने दिलेले वरदान कर्जात बुडालेल्या माणसांच्या कुशीवरच्या व्रणात उमटले, याचे वाईट वाटते.

अखेर १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. मेंदूमृत्यूलाही मान्यता मिळाली: चार डॉक्टरांचे मंडळ आणि सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या. ४ फेब्रुवारी १९९५ पासून कायदा ज्या पहिल्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. हृदय धडधडत असतानाच मेंदूमृत दात्याचे मूत्रपिंड काढून घेण्याला आता कायद्याचा आधार होता. परळच्या डॉक्टरांना १९६५ साली ती मुभा नव्हती.