पाली व बौद्ध अध्ययन, मराठवाड्यातील

बौद्ध धम्माचे मूळ ग्रंथ, तत्त्वज्ञान व इतिहास आणि इतर धर्मांशी त्याची तुलना यांचा पदव्युत्तर अभ्यास. मराठवाड्यात तो मुख्यतः छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात चालतो. एम.ए. दोन वर्षांचे, त्यापुढे पीएच.डी.

हैदराबाद संस्थानाच्या काळात इथल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठाकडे पाहावे लागे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले. पुढे त्याला ‘मिलिंद’ आणि परिसराला ‘नागसेनवन’ ही नावे मिळाली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद शंका विचारतो, भिक्खू नागसेन दाखले देऊन उत्तरे देतो; त्या दोघांची नावे शिक्षणसंस्थेला देण्यामागे प्रश्न विचारण्याच्या हक्काचा पुरस्कार होता, हे उघड आहे. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ ची. दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी त्याचा नामविस्तार झाला.

या प्रदेशाचा बौद्ध परंपरेशी संबंध नेमका किती जुना, हा अभ्यासातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. त्याचे मूळ सुत्तनिपात या प्राचीन पाली ग्रंथातील पारायणवग्ग या विभागात आहे. बावरी नावाचा ब्राह्मण कोसलातून दक्षिणेत येऊन अस्सक लोकांच्या मुलखात ‘गोधावरीकूले’, म्हणजे गोदाकाठी, राहिला आणि त्याने आपले सोळा शिष्य बुद्धांकडे धाडले, अशी ही कथा. शिष्यांच्या वाटेवरचे पहिले ठिकाण पतिट्ठान (पैठण), मग माहिस्सती (माहिष्मती), उज्जेनी (उज्जैन), वेदिस (विदिशा). पैठण ज्या प्रदेशात येते त्याच्या नावाचा पाठ मात्र एकसारखा नाही. काही पोथ्यांत ‘अळकस्स’, काहींत ‘मळकस्स’ असे आहे. अट्ठकथेच्या, म्हणजे पाली भाष्याच्या, आधारे ‘मुळक’ हा पाठ सुचविला जातो. नाशिकच्या लेण्यातील सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीच्या लेखात ‘असिक असक मुळक’ असा प्रदेशांचा क्रम येतो. त्यामुळे ‘मुळक’ हाच पाठ अधिक ग्राह्य वाटतो. तो मानल्यास मुळक म्हणजे पैठणचा परिसर आणि अस्सक किंवा अश्मक त्याच्या खाली, गोदेच्या प्रवाहाकडे, असा अर्थ लागतो. अस्सकांची राजधानी पोतन म्हणजे नांदेडपलीकडचे तेलंगणातील बोधन, असे बरेच अभ्यासक मानतात; काहींनी ती पैठणलाच नेली आहे.

कथेच्या काळाविषयीही मतभेद आहेत. बावरीची हकीकत सांगणाऱ्या वत्थुगाथांवर चूळनिद्देस या प्राचीन टीकेत भाष्य नाही, शिष्यांच्या प्रश्नांवर मात्र आहे. त्यावरून वत्थुगाथा मागाहून जोडल्या असाव्यात. तेव्हा ‘बुद्धांच्या हयातीतच धम्म पैठणला पोचला’ हे विधान या कथेच्या आधारे करणे धाडसाचे ठरेल. गाथा रचणाऱ्यांना पैठणहून उत्तरेकडे जाणारी वाट माहीत होती, इतके निश्चित म्हणता येते, आणि तेही थोडे नाही.

दगडावरचा पुरावा अधिक ठाम आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील लेण्यांत (सुमारे इ.स.पू. दुसरे–पहिले शतक) पैठणच्या गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातील मितदेवाने दिलेल्या खांबाचा लेख आहे. तिथल्याच यक्षाच्या मूर्तीवर कण्हदास या सोनाराने आपले नाव कोरले. अजिंठ्याचा उत्तरकालीन टप्पा कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, सुमारे इ.स. ४६२ ते ४८० या अल्पावधीत बसविला. ही चौकट काहींना फार आवळलेली वाटते. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध मात्र बहुतेकांना मान्य आहे. विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेणी तर हाकेच्या अंतरावर आहेत.

अभ्यासाचा पाया पाली भाषेचा. येथील अनेक विद्यार्थ्यांना त्रिशरण-पंचशील लहानपणापासून तोंडपाठ असते. ‘पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणताना कधी न थांबलेला विद्यार्थी व्याकरणाच्या तासाला ‘पाणातिपाता’ची पंचमी ओळखतो: प्राणघाता‘पासून’ विरत राहण्याचा नियम. ‘समादियामि’ हे प्रथमपुरुषी एकवचन, म्हणजे ‘मी’ स्वतः स्वीकारतो. वंदनेचा अर्थ असा पदापदाने उकलणे ही या शिक्षणातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे; अनुवादावर विसंबणाऱ्याला ती लाभत नाही. पालीत ‘ळ’ असल्याने मराठी जिभेला उच्चारही अवघड जात नाही. मूळ ग्रंथांसाठी नालंदा व इगतपुरी येथील देवनागरी आवृत्त्या सोयीच्या आहेत. मराठीत ही वाट पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी घालून दिली.

तत्त्वज्ञानाच्या भागात प्रतीत्यसमुत्पाद (सर्व काही कारणांवर अवलंबून उत्पन्न होते हा सिद्धांत), अनात्मवाद (नित्य आत्मा नाही हे मत) आणि माध्यमिक व विज्ञानवाद हे महायानातील दोन तत्त्वज्ञान-संप्रदाय येतात. डॉ. आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये चार आर्यसत्यांच्या प्रचलित मांडणीविषयी शंका उपस्थित केली आहे. ती त्रिपिटकाशी, म्हणजे मूळ पाली धर्मग्रंथांशी, ताडून वाचणे अगत्याचे आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षेत (नेट) पाली, तत्त्वज्ञान आणि धर्मांचा तौलनिक अभ्यास हे स्वतंत्र विषय आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मंजुरी दिली.

तौलनिक अभ्यासाला लागणारी सामग्री याच प्रदेशात आहे. वेरूळच्या ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. जवळच खुलदाबादेत चिश्ती सूफींचे दर्गे, नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिब, आणि पैठणला ‘हिंदू-तुर्क संवाद’ लिहिणाऱ्या एकनाथांची समाधी.