दोन्ही पोटांवर एकच पट्टी: शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं मोजताना

रिक्षांच्या पाठीवर आणि चौकाचौकातल्या फलकांवर हल्ली एक शब्द हमखास दिसतो: ‘वेदनारहित’. मूळव्याध असो, हर्निया असो, पित्ताशयातले खडे असोत. लेझरने नाहीतर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होणार, दुखणार नाही आणि संध्याकाळी घरी. या शब्दाचा मला मनापासून राग येतो. शस्त्रक्रियेनंतरचं दुखणं गेल्या काही दशकांत खरोखरच पुष्कळ कमी झालंय. पण कुठली पद्धत कमी दुखते हे ठरवायला संशोधकांना किती आटापिटा करावा लागतो, याचा त्या फलकावर मागमूसही नसतो. कशापेक्षा कमी दुखतं? कितव्या दिवशी? आणि रुग्णाला कुठली शस्त्रक्रिया झाली हे माहीत असताना विचारलं, की नसताना?

रक्तदाब यंत्र सांगतं, साखर रक्ताच्या थेंबातून कळते. दुखणं मात्र रुग्णाच्या तोंडूनच कळतं. संशोधनात त्यासाठी एक साधी युक्ती वापरतात: १० सेंटिमीटरची आडवी रेघ, एका टोकाला ‘अजिबात दुखत नाही’, दुसऱ्या टोकाला ‘याहून जास्त दुखणं शक्यच नाही’. रुग्णाने त्यावर खूण करायची. १०० मिलिमीटरपैकी साधारण १० मिलिमीटरचा फरक पडला, तर तो रुग्णाला जाणवण्याइतका मानतात. दोन पद्धतींत ४ मिलिमीटरचा फरक असेल, तर संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो कितीही पक्का असला तरी खाटेवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यात एक अडचण आहे. शस्त्रक्रियेनंतर ज्याला जास्त दुखतं तो जास्त औषध मागतो, आणि औषध मिळाल्यावर त्याचाही आकडा खाली येतो. दोन्ही गटांचे आकडे सारखेच दिसतात. म्हणून काही चाचण्यांत रुग्णाच्या हातात मॉर्फिनच्या पंपाचं बटण देतात आणि २४ तासांत कोणत्या गटाने किती मॉर्फिन घेतलं ते मोजतात. शिवाय पडून असताना न दुखणारं पोट खोकताना जीव काढतं, त्यामुळे दोन्ही वेळचे आकडे वेगळे लिहावे लागतात. आणि ज्या शस्त्रक्रियेत मुळातच फार दुखत नाही, तिथे कुठलंही औषध दुसऱ्याइतकंच चांगलं ठरतं, कारण फरक दिसायला जागाच उरत नाही.

हे सगळं सांभाळता येतं. खरी अवघड गोष्ट पुढे आहे: आपल्याला काय उपचार मिळाला हे कळल्यावर दुखणंच बदलतं. ‘मनाचे खेळ’ म्हणून हे उडवून लावणाऱ्यांना मला १९७८ सालचा एक प्रयोग सांगावासा वाटतो. कॅलिफोर्नियात जॉन लेव्हिन, न्यूटन गॉर्डन आणि हॉवर्ड फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. काहींचं दुखणं त्यानेच कमी झालं. मग त्यांना नालोक्सोन दिलं. नालोक्सोन अफूच्या जातीच्या औषधांना त्यांच्या ठरलेल्या जागी चिकटू देत नाही. या रुग्णांना अफूच्या जातीचं औषध दिलेलंच नव्हतं, तरीही दुखणं परत वाढलं! म्हणजे प्लासिबोने दिलेला आराम शरीराने स्वतःच तयार केलेल्या अफूसारख्या द्रव्यांतून आला होता.

ही द्रव्यं तेव्हा नुकतीच सापडली होती. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीन इथे जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं केलं होतं. त्याहीआधी, १९६९ मध्ये, डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मध्यमेंदूतल्या एका अरुंद नलिकेभोवतीच्या राखाडी भागात वीज सोडून, भूल न देता त्यांचं पोट उघडलं होतं आणि उंदीर कळवळले नव्हते. तो राखाडी भाग या साऱ्या यंत्रणेचा कणा आहे.

दुखण्याचा संदेश जखमेकडून बारीक चेतातंतूंमधून मज्जारज्जूच्या मागच्या भागात येतो. तिथे त्या तंतूचं टोक आणि पुढच्या चेतापेशीची सुरुवात यांच्यामध्ये सूक्ष्म फट असते. संदेश फटीपर्यंत पोचला की टोकातल्या कॅल्शियमच्या वाटा उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही रसायनं फटीत सोडली जातात, पुढची पेशी उत्तेजित होते आणि संदेश वर मेंदूकडे निघतो. पण वरून खाली येणारी एक वाटही आहे. ‘आता बरं वाटणार’ ही अपेक्षा मेंदूच्या पुढच्या भागात तयार होते. तिथून आज्ञा मध्यमेंदूतल्या त्या राखाडी भागाकडे जाते, तिथून मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाकडे आणि मग मज्जारज्जूतल्या त्याच फटीपाशी. तिथे एन्केफॅलिन दोन कामं करतं. येणाऱ्या तंतूच्या टोकावर बसून कॅल्शियमच्या वाटा बंद ठेवतं, त्यामुळे रसायनं कमी सुटतात. आणि पुढच्या पेशीवर बसून तिच्यातलं पोटॅशियम बाहेर जाऊ देतं. त्याने पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो आणि तिला उत्तेजित करणं अवघड होतं. मॉर्फिनही याच जागांवर बसून हेच करतं.

२००९ मध्ये हॅम्बुर्गच्या संशोधकांनी माणसांच्या मानेतल्या मज्जारज्जूचं एमआरआय चित्रण केलं. हाताला चटका देताना त्या जागी औषधी म्हणून साधंच मलम लावलं होतं, आणि मज्जारज्जूतली हालचाल मंदावलेली दिसली. माणूस भिडेखातर ‘बरं वाटतंय’ म्हणत नव्हता. संदेश मेंदूत पोचण्याआधीच रोखला जात होता. मला हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचल्यापासून अद्भुत वाटत आला आहे.

उलटही घडतं. इटलीत तुरीन इथे फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी दाखवलं, की ‘या औषधाने दुखेल’ असं सांगितल्यावर वाढणाऱ्या वेदनेमागे कोलेसिस्टोकायनिन हे वेगळं रसायन असतं, आणि त्याला अडवणारं औषध दिलं की ती वाढ होत नाही. लेव्हिन आणि गॉर्डन यांनी पुढे रुग्णांना पडद्याआडून, त्यांच्या नकळत, यंत्राने मॉर्फिन दिलं. रुग्णाच्या डोळ्यांदेखत दिलेलं नुसतं सलाईन हे गुपचूप दिलेल्या ६ ते ८ मिलिग्रॅम मॉर्फिनच्या तोडीचं ठरलं.

अंगारा लावल्यावर दाढ थांबली, दोरा बांधल्यावर कंबर सुटली, असं सांगणारी माणसं त्यामुळे मला खोटारडी वाटत नाहीत. त्यांना आराम पडलेला असतो. पण त्या आरामाने दाढेतला पू जात नाही. शिवाय माणूस अंगाऱ्याकडे वळतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेलं दुखणं बहुधा त्यानंतर उतरतंच. आरामाचं सगळं श्रेय घेऊन पू तसाच ठेवणाऱ्यांकडून रुग्णाचं नुकसान होतं आणि ते गंभीर असतं.

आता शल्यविशारदाची पंचाईत पाहा. गोळ्यांच्या चाचणीत दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्या बनवता येतात. पोटावरचे टाके कसे लपवणार? इंग्लंडमध्ये शेफील्डच्या गटाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हे करून दाखवलं. पित्ताशय काढण्याची दुर्बिणीची पद्धत तेव्हा झपाट्याने पसरली होती. जुन्या लांबलचक चिरेपेक्षा ती रुग्णाला सोपी जाते यात शंका नव्हती, पण या गटाने तिची तुलना लहान चीर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेशी केली. २०० रुग्ण, कोणाला कुठली पद्धत हे यादृच्छिक पद्धतीने ठरवलेलं. शस्त्रक्रिया झाल्यावर दोन्ही गटांच्या पोटावर एकसारखंच ड्रेसिंग लावलं. आत चार छोटी छिद्रं आहेत की एक चीर, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यांनाही. घरी केव्हा सोडायचं, याचा निर्णय त्यामुळे ‘दुर्बिणीचा पेशंट आहे, उद्या जाईल’ या समजावर घेतला गेला नाही. दोन्ही गटांचा रुग्णालयातला मुक्काम सारखाच निघाला, मध्यक तीन रात्रींचा. कामावर परतण्यातही ठळक फरक दिसला नाही. दुर्बिणीने वेळ मात्र जास्त लागला, ४० मिनिटांऐवजी ६५.

यावरून कोणी दुर्बिणीला नकार द्यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. आज शल्यविशारदांचा हात तिच्यावर बसला आहे, आणि ज्यात हात बसला ती पद्धत सुरक्षित, हेही तितकंच खरं. पण तुलना लांब चिरेशी केली की लहान चिरेशी, यावर निष्कर्ष किती बदलतो ते या २०० माणसांनी दाखवून दिलं.

अमेरिकेत ह्यूस्टन इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले संशोधक याच्याही पुढे गेले. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आत धुणं-खरवडणं, ही तेव्हाची लोकप्रिय शस्त्रक्रिया. १८० रुग्णांचे तीन गट केले: एकाचा गुडघा धुतला, दुसऱ्याचा खरवडला, तिसऱ्याला त्वचेवर फक्त तीन छोट्या चिरा दिल्या. तिसऱ्या गटातही शल्यविशारद नेहमीसारखी उपकरणं मागत होते, पाण्याचा आवाज केला जात होता. ‘मला नुसत्या चिराच मिळतील आणि त्याने गुडघ्याला काही फायदा होणार नाही, हे मला कळलं आहे’ अशा आशयाचं प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. पात्र रुग्णांपैकी ४४ टक्क्यांनी भाग घ्यायलाच नकार दिला होता. २००२ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत एकदाही खऱ्या शस्त्रक्रियेच्या गटांचं दुखणं नुसत्या चिरांच्या गटापेक्षा कमी भरलं नाही. त्या शस्त्रक्रियेची खोटी बाजू इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या कुठल्याच मार्गाने कळली नसती.

‘कितव्या दिवशी?’ या प्रश्नासाठी मूळव्याधीकडे यावं लागतं. कोंब कापून काढण्याची पद्धत १९३७ पासून रूढ आहे आणि ती दुखते, याबद्दल वाद नाही. स्टेपलरची पद्धत, म्हणजे कोंब वर ओढून यंत्राने टाचण्याची, १९९० च्या दशकात आली. ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांतल्या ७७७ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सुरुवातीच्या आठवड्यांत स्टेपलरवाल्यांना कमी दुखलं. दोन वर्षं पाठपुरावा केल्यावर मात्र त्यांच्यात त्रास उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं, पुन्हा उपचारही जास्त लागले आणि एकूण जीवनमान जुन्या पद्धतीच्या रुग्णांचं सरस ठरलं. पहिल्या आठवड्यातच मोजमाप थांबवलं असतं, तर निकाल नेमका उलटा लागला असता.

आणि कधी कधी आकडेच खोटे असतात. मॅसॅच्युसेट्समधला स्कॉट रूबेन हा भूलतज्ज्ञ शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनातला मोठा जाणकार मानला जायचा. २००९ मध्ये त्याच्या २१ शोधनिबंधांतली माहिती बनावट असल्याचं उघड झालं. काही चाचण्यांत रुग्णच नव्हते. पुढच्या वर्षी त्याला सहा महिन्यांची कैद झाली. एकाच माणसाच्या, एकाच रुग्णालयातल्या, दर वेळी सुंदर निघणाऱ्या निकालांकडे मी तेव्हापासून सावधपणे पाहतो.

वेदनाशमनाच्या चाचण्या दुखण्यापलीकडेही जातात. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नेहमीच्या भुलीऐवजी मणक्याजवळच्या नसा बधिर करून केली, तर कर्करोग कमी उलटतो का? २०१९ मध्ये २,१०० हून अधिक स्त्रियांवरच्या आंतरराष्ट्रीय चाचणीचं उत्तर आलं: नाही. सहा महिन्यांनी जखमेच्या जागी दुखणाऱ्या स्त्रियाही दोन्ही गटांत सारख्याच, ५२ टक्के. मग २०२३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांतल्या सुमारे १,६०० स्त्रियांच्या चाचणीचा निकाल मांडला. त्यांनी जागा बधिर करण्याचं जुनं, स्वस्त औषध लिग्नोकेन शस्त्रक्रियेआधी ७ ते १० मिनिटं थेट गाठीभोवती टोचलं होतं. पाच वर्षांनी या गटातल्या ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, इंजेक्शन न दिलेल्या गटातल्या ८६.४ टक्के.

या चाचणीत कोणापासून काही लपवलेलं नव्हतं. दुखण्याची चाचणी असती तर मी तिच्यावर विश्वास ठेवला नसता, पण पाच वर्षांनी बाई हयात आहे की नाही, हे कोणाच्या अपेक्षेने बदलत नाही. तरी एक शंका राहते. दुसऱ्या गटाला सलाईनचंही इंजेक्शन दिलेलं नव्हतं. त्यामुळे परिणाम लिग्नोकेनचा, की कापण्याआधी गाठीभोवती द्रव भरल्याचा, हे या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. गाठीभोवती नुसतं सलाईन टोचलेला तिसरा गट घेऊन कोणी ही चाचणी केली, तर तिचा निकाल मी सगळी कामं बाजूला ठेवून वाचेन.